गाई-म्हशींतील सांसर्गिक गर्भपात

सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली म्हणजे घरात जी चर्चा होते ती बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. कोणी म्हणतो, दुसऱ्या जनावराने ढुशी मारली; कोणी म्हणतो, चढावर पाय घसरला; कोणी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढतो. मेलेले वासरू उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकले जाते, रात्री कुत्री ते ओढून नेतात, आणि दोन दिवसांत विषय संपतो. पुढे महिना-दीड महिन्याने शेजारच्या दावणीची म्हैस गाभडते. तेव्हाही पुन्हा ढुशीचीच आठवण होते. दोन्ही घटनांचा काही संबंध असेल, पहिल्या गाईचे वासरू जेथे पडले तेथलाच चारा दुसरीने खाल्ला असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

गर्भपाताची कारणे अनेक आहेत हे खरे. मार बसणे, विषारी वनस्पती खाण्यात येणे, तीव्र ताप आणणारे इतर रोग, पोषणाची उणीव यांमुळेही जनावर गाभडते. परंतु गाभण काळाच्या उत्तरार्धात, म्हणजे पाचव्या महिन्यानंतर, एकाच गोठ्यात किंवा एकाच वस्तीवर एकापाठोपाठ जनावरे गाभडू लागली, त्यांची वार पडेनाशी झाली, तर पहिला संशय ब्रुसेलोसिस या रोगाचा घ्यावा. यालाच मराठीत सांसर्गिक गर्भपात म्हणतात. तो एका सूक्ष्म जंतूपासून होतो आणि त्या जंतूचा उपद्रव गोठ्यापुरता थांबत नाही. तो घरातील माणसांपर्यंत पोचतो.

जंतूचा शोध

या जंतूची ओळख प्रथम माणसाच्या रोगावरून झाली. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना एक चिवट ताप येत असे. तो उतरे, पुन्हा चढे, आणि असे आठवडेच्या आठवडे चाले. 1887 साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने मृत सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जंतू वेगळा केला. तो जंतू माणसात येतो कोठून, हे मात्र पुढे अठरा वर्षे कळले नाही. 1905 साली थेमिस्टोक्लिस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टराने तेथील शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा वरवर धडधाकट दिसणाऱ्या शेळ्या हा जंतू बाळगून आहेत आणि त्यांच्या दुधातून तो बाहेर पडतो, असे आढळले. त्याच वर्षी माल्टाहून शेळ्या घेऊन अमेरिकेकडे निघालेल्या एका जहाजावरील खलाशी वाटेत शेळ्यांचे कच्चे दूध पिऊन आजारी पडले. सैनिकांच्या आहारातून शेळीचे दूध काढून टाकताच त्यांच्यातील ताप झपाट्याने ओसरला.

इकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग या पशुवैद्याने 1897 साली गाभडलेल्या गाईतून एक जंतू शोधला होता. हे दोन जंतू एकाच कुळातील आहेत, हे 1918 साली अमेरिकेतील ॲलिस इव्हान्स या विदुषीने दाखवून दिले. आरंभी पुष्कळ शास्त्रज्ञांनी तिचे म्हणणे मानले नाही. पुढे ते सर्वमान्य झाले आणि ब्रूसच्या नावावरून त्या कुळाला ब्रुसेला हे नाव मिळाले. गाई-म्हशींत मुख्यतः त्यातील एक जात आढळते, तर शेळ्या-मेंढ्यांतील जात माणसाला अधिक तीव्र आजार आणते.

गर्भाशयात काय घडते

गाभडलेल्या जनावराचे वासरू, वार आणि गर्भजल यांत हे जंतू अगणित संख्येने असतात. गाईला दुसऱ्या गाईचे पडलेले वासरू हुंगण्याची व चाटण्याची ओढ असते. त्या वेळी जंतू तोंडावाटे शिरतात. दूषित चारा व पाणी हा दुसरा मार्ग. डोळ्यांच्या नाजूक त्वचेतून किंवा अंगावरील खरचटलेल्या जागेतूनही त्यांना प्रवेश मिळतो. शरीरात आल्यावर ते गाठींमध्ये दडून बसतात. जनावर गाभण नसेल तर बाहेरून काहीच लक्षण दिसत नाही. ते खाते, पिते, दूध देते.

गर्भ राहिला की चित्र बदलते. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या वारेत व गर्भजलात एरिथ्रिटॉल नावाची एक शर्करा तयार होते, आणि ती या जंतूंना विशेष मानवते. त्यामुळे गर्भाशयात त्यांची वाढ झपाट्याने होते. गर्भाशय व वार जेथे एकमेकांना जोडलेली असतात, ज्यांतून गर्भाला रक्ताचे पोषण मिळते, नेमक्या त्याच जागा सुजतात व कुजतात. गर्भाचे पोषण तुटते. गाईचा गाभण काळ सुमारे 280 दिवसांचा व म्हशीचा सुमारे 310 दिवसांचा असतो. तो पुरा होण्यापूर्वीच वासरू बाहेर टाकले जाते. जोडाच्या जागा सुजलेल्या असल्यामुळे वार सुटत नाही, आत सडते, गर्भाशयाला दाह होतो आणि जनावर पुढे दीर्घकाळ उलटत राहते. वळूच्या बाबतीत हेच जंतू अंडकोशात जाऊन त्याला निकामी करू शकतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक फसगत येथेच होते. रोगी गाय साधारणपणे एकदाच गाभडते. पुढच्या खेपेस ती पुरे दिवस भरून व्यालेली दिसते आणि धन्याला वाटते, संकट टळले. प्रत्यक्षात जंतू तिच्या अंगातून गेलेले नसतात. प्रत्येक विण्याच्या वेळी ते वारेबरोबर व स्रावाबरोबर बाहेर पडतात, आणि एरवी सडांतून दुधावाटे येत राहतात. गाभडणारी गाय निदान सावध तरी करते. नीट विणारी रोगी गाय कसलीही सूचना न देता सबंध गोठा दूषित करते, आणि म्हणून ती अधिक घातक होय.

वासराचे काय होते

दिवस भरत आले असताना लागण पोचली तर वासरू जिवंत जन्मते, पण दुबळे असते. ते उठून उभे राहत नाही, आचळ धरत नाही, धाप टाकते आणि कित्येकदा चार-दोन दिवसांत दगावते. जी वासरे तगतात त्यांपैकी बहुतेकांच्या अंगातून, रोगी दूध बंद झाल्यावर काही महिन्यांत, जंतू नाहीसे होतात. थोड्या कालवडींत मात्र ते लपून राहतात. अशा कालवडीचे रक्त तपासले तरी त्यात दोष आढळत नाही. ती मोठी होते, गाभण राहते आणि पहिल्या वेतालाच गाभडते. रोगी गाईची कालवड तपासणीत निर्दोष ठरली एवढ्यावर विसंबून तिला रोगमुक्त कळपात घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

वासराला चीक तर मिळालाच पाहिजे. त्यावाचून त्याच्या अंगी रोगप्रतिकाराची शक्ती येत नाही. चीक उकळता येत नाही, उकळला तर त्याचा खरवस होतो. त्याच सुमारास एखादी रोगमुक्त गाय व्यालेली असल्यास तिचा चीक द्यावा. ते शक्य नसेल तर आईचाच चीक पाजून त्यानंतर वासरू वेगळे बांधावे व त्याला उकळून कोमट केलेले दूध द्यावे.

घरातील माणसे

गोठा झाडणे, शेण काढणे, गाय विताना जवळ बसणे, अडलेली वार हातानेच ओढून काढणे, पडलेले वासरू उचलून नेणे ही कामे आपल्याकडे बहुतांशी घरच्या स्त्रिया करतात. हाताला विळ्याची किंवा काट्याची लहानशी जखम असतेच. जंतूला तेवढी वाट पुरते. गर्भजलाचा शिंतोडा डोळ्यात उडाला तरी लागण होऊ शकते.

माणसाला हा आजार सामान्यतः दोन ते चार आठवड्यांनी प्रकट होतो. संध्याकाळी ताप चढतो, रात्री दरदरून घाम येतो, सांधे व कंबर धरते, शक्ती जाते. ताप काही दिवस उतरून पुन्हा येतो. हिवताप, विषमज्वर किंवा क्षय समजून महिनोन्महिने उपचार चालतात आणि गुण येत नाही. पुरुषांत अंडकोशाला सूज येते. गरोदर स्त्रीला लागण झाली तर गर्भपात होण्याचा किंवा मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका असतो, आणि क्वचित नवजात बालकालाही हा रोग आईकडून मिळतो. गोठ्यातील गाईवर जे ओढवते तेच घरातील सुनेवर ओढवू शकते, एवढे स्पष्टपणे सांगण्यास ग्रामकार्यकर्त्याने संकोच करू नये. गाभडलेल्या किंवा विणाऱ्या जनावराजवळ गरोदर स्त्रीने जाऊ नये. घरात दुसरे माणूस नसेल तर शेजाऱ्यास बोलवावे.

या तापावर औषध आहे. परंतु दोन औषधे एकत्र व साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. दहा दिवसांत बरे वाटले म्हणून ती सोडली तर आजार उलटतो. गरोदर स्त्रीसाठी औषधांची निवड वेगळी असते, म्हणून ते काम डॉक्टरांवरच सोपवावे. रोग्याने डॉक्टरांना आपण होऊन सांगितले पाहिजे की, घरी जनावरे आहेत व अमुक महिन्यात गाय गाभडली होती. हे एक वाक्य पुष्कळदा निदानाची सारी दिशा बदलते.

धारोष्ण दुधाचे गोडवे आपल्याकडे फार गायिले जातात. निरोगी गाईच्या बाबतीतही तो मोह टाळलेला बरा. रोगी गाईच्या बाबतीत तो अनर्थ करतो. दूध वर येईपर्यंत उकळले की हे जंतू मरतात. दुग्धशाळेत 63 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटे किंवा 72 अंशांवर 15 सेकंद दूध तापवतात, त्यानेही ते नाश पावतात. तेव्हा दूध टाकून देण्याचे कारण नाही. ते कच्चे पिऊ नये, कच्च्या दुधाचे लोणी व पनीर खाऊ नये, इतकेच. शेळीचे दूध औषधी म्हणून लहान मुलांना कच्चे पाजण्याची चाल आहे, ती तर मुळीच ठेवू नये.

गाय गाभडेल त्या दिवशी

रोगाचा फैलाव थांबवण्याची सर्वांत मोठी संधी गर्भपातानंतरच्या पहिल्या काही तासांत असते. गाय ताबडतोब इतर जनावरांपासून दूर, आडोशाला बांधावी. वासरू व वार उचलण्यापूर्वी हातात रबरी मोजे घालावेत. ते नसतील तर न फाटलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या हातावर बांधाव्यात. नाका-तोंडावर फडके बांधावे. मग गुरांच्या दवाखान्यास कळवावे, आणि पशुवैद्य येईपर्यंत वासरू कुत्र्यांपासून सुरक्षित झाकून ठेवावे. त्याच्या पोटातील द्रव तपासणीसाठी फार उपयोगी पडतो. नमुना घेऊन झाल्यावर वासरू, वार, खाली पडलेला पेंढा व भिजलेली माती ही सर्व पुरुषभर खोल खड्ड्यात घालून त्यावर चुना पसरावा व खड्डा बुजवावा. खड्डा विहिरीपासून व ओढ्यापासून लांब असावा. ओढ्यात टाकलेले वासरू म्हणजे खालच्या वस्तीला पाठवलेला रोगच होय.

हे जंतू उघड्यावर, कडक उन्हात काही तासांत मरतात. ओलसर, सावलीच्या, गारव्याच्या जागी मात्र ते कित्येक महिने जगतात. म्हणून गाय जेथे गाभडली ती जागा खरवडून, पशुवैद्य सांगतील त्या प्रमाणात जंतुनाशक शिंपडून, गोठ्याचे छप्पर व कूड शक्य तितके उघडे करून ऊन खेळू द्यावे. हे काम पावसाळ्यात अवघड असते. पावसाळ्यात गाभडलेल्या गाईच्या जागी निदान महिना-दोन महिने दुसरे जनावर बांधू नये. त्या गाईला स्राव पूर्ण थांबेपर्यंत, कमीत कमी एक महिना, वेगळे ठेवावे आणि तिची धार शेवटी काढावी. वार अडकली तर ती ओढू नये. पशुवैद्यास बोलवावे.

तपासणी

रोगाचे निदान डोळ्यांनी होत नाही. गाईच्या रक्तजलाचा एक थेंब गुलाबी रंगाच्या द्रवाच्या थेंबात मिसळतात; रोग असल्यास चार मिनिटांच्या आत बारीक गुठळ्या दिसू लागतात. ही गुलाबी कसोटी स्वस्त व सोपी आहे. गाईच्या दुधासाठी दुसरी एक कसोटी आहे. दुधात निळ्या रंगाचा द्रव मिसळून ठेवतात. दूध दूषित गाईचे असेल तर वर येणाऱ्या सायीबरोबर निळे कडे दिसते. दूध संकलन केंद्रावर एकत्र झालेल्या दुधावरही ती करता येते, त्यामुळे कोणत्या वाडीकडे लक्ष द्यावयाचे ते थोड्या खर्चात कळते. रक्ताचे नमुने तालुक्याच्या दवाखान्यामार्फत प्रयोगशाळेकडे पाठवता येतात. पुण्यात औंध येथे राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग हे काम करतो. गर्भपाताच्या दिवशी घेतलेले रक्त कधी कधी निर्दोष दिसते. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.

कालवडीची लस

जनावरातील हा रोग औषधांनी समूळ जात नाही. त्यामुळे सारा भर प्रतिबंधावर द्यावा लागतो, आणि त्यासाठी लस उपलब्ध आहे. तिची कथा मनोरंजक आहे. 1923 साली अमेरिकेत जॉन बक या शास्त्रज्ञाने एका जर्सी गाईच्या दुधातून हे जंतू वाढवले होते. ते प्रयोगशाळेत नुसत्या हवेच्या उष्णतेत वर्षाहून अधिक काळ पडून राहिले आणि त्यांची रोग उत्पन्न करण्याची शक्ती मंदावली. तोच क्रमांक 19 चा वाण पुढे जगभर लस म्हणून वापरला गेला.

ही लस गाई-म्हशींच्या मादी वासरांना, म्हणजे कालवडी व पारड्यांना, वयाच्या चौथ्या ते आठव्या महिन्यात एकदाच टोचतात. वयाची ही मर्यादा काटेकोरपणे पाळावयाची असते. त्यापूर्वी आईकडून आलेल्या प्रतिकारद्रव्यांमुळे लस वाया जाते. मोठ्या जनावरास टोचली तर पुढील रक्ततपासणीत लसीचा परिणाम कोणता व रोगाचा कोणता हे ओळखता येत नाही. आणि गाभण जनावरास टोचली तर लसीनेच गर्भपात होण्याची भीती असते. गोऱ्ह्यांना ती देत नाहीत, कारण त्यांच्या अंडकोशास अपाय होऊ शकतो. लसीतील जंतू जिवंत असतात. म्हणून ती बर्फात ठेवून न्यावी लागते, आणि टोचणाऱ्याने हातमोजे व चष्मा वापरणे अवश्य आहे; सुई स्वतःला लागल्यास त्याने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. टोचल्यानंतर वासराला एक-दोन दिवस कसर येते, त्याने घाबरू नये.

केंद्र सरकारने सप्टेंबर 2019 मध्ये मथुरा येथून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. लाळ-खुरकूत व ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी तो आखला असून त्यात मादी वासरांना ही लस विनामूल्य टोचली जाते व कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारला जातो. बिल्ल्याने कान फाटतो, वासरू कुरूप दिसते, बाजारात किंमत उतरते अशा तक्रारी ऐकू येतात. खरे म्हणजे जाणत्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तोच कालवडीचा दाखला आहे. ग्रामकार्यकर्त्याने गावातील वासरांची जन्मनोंद ठेवली तर चार महिने कोणाचे भरले व आठ कोणाचे उलटत आले हे हाती राहील. लसीकरणाची फेरी वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच होते. वय उलटले की संधी गेली.

रोगी गाईचे काय करावे

हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. इंग्लंडसारख्या देशांनी रक्त तपासून, रोगी ठरलेली गाय भरपाई देऊन मारून टाकण्याचा मार्ग धरला. ग्रेट ब्रिटनच्या गाई 1985 साली या रोगापासून अधिकृतपणे मुक्त ठरल्या. आपल्याकडे तो मार्ग नाही. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंशाच्या हत्येस पूर्ण बंदी आहे. मग ज्याच्याजवळ एक किंवा दोनच गाई आहेत, कर्जाचे हप्ते चालू आहेत, तो शेतकरी गाभडलेली गाय गुपचूप बाजारात नेतो. तेथे ती पुन्हा गाभण राहून विकली गेली तर दर चांगला येतो. घेणाराही तसाच एक गरीब शेतकरी असतो. त्याच्या गोठ्यात ती विते, आणि त्याच्या चार कालवडी पुढच्या वर्षी गाभडतात.

विकणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. परंतु त्याला दुसरा मार्ग कोणी दाखवला आहे का, हेही पाहिले पाहिजे. रोगी गाय ठेवता येते. तिची दावण, गव्हाण व पाण्याचे भांडे स्वतंत्र असावे; तिचे दूध उकळूनच वापरावे; ती दरवेळी ठरलेल्या वेगळ्या जागी वावी आणि तिची वार खड्ड्यात पुरली जावी; गावच्या वळूकडे तिला नेऊ नये, कृत्रिम रेतन करावे. तिच्या भोवतालच्या सर्व कालवडींना वेळेवर लस मिळाली तर काही वर्षांत गोठ्याचा मोठा भाग सुरक्षित होतो. एकट्या शेतकऱ्याने हे केले आणि शेजाऱ्याने केले नाही तर उपयोग थोडा, म्हणून ही गोष्ट वाडीने मिळून ठरवावयाची आहे. हा रोग 2009 च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधविषयक केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत आहे आणि त्याची खबर देणे जनावराच्या धन्यावर बंधनकारक आहे. खबर देणाऱ्याची गावात बदनामी होणार नाही एवढी काळजी मात्र कार्यकर्त्याने घ्यावी. नाहीतर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

जनावर विकत घेताना

बाजारातून गाभण गाय घेणे म्हणजे तिचा पूर्वेतिहास न जाणता तिला घरात आणणे होय. शक्य असेल तर लस टोचलेली, बिल्ला असलेली कालवडच घ्यावी. गाभण गाय घेणे भागच असेल तर मागील वेत कसे झाले ते विचारावे, आणि व्यवहार पुरा होण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. आणल्यावर ती 30 दिवस वेगळी बांधून पुन्हा तपासावी. रोग दडलेला असेल तर तो विण्याच्या सुमारासच रक्तात उमटतो. त्यासाठी ती व्याल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी आणखी एकदा नमुना द्यावा, आणि तो निकाल हाती येईपर्यंत तिची दावण वेगळीच ठेवावी.